महालक्ष्मीला पहिल्यांदाच रेस: टोटवर लावायचे की बुकीकडे?

दादरचा_नवखा

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आम्ही चौघं महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणार आहोत. चौघांपैकी कुणालाच घोड्यांतलं काही कळत नाही. माणशी २,००० रुपये न्यायचे, गेले तर गेले, असं ठरलंय. पण निदान खिडकीवर हसं होऊ नये आणि आपण नक्की काय विकत घेतोय ते कळावं एवढीच इच्छा.

विचारायचंय ते असं. टोट आणि बुकी यांत फरक काय, आणि नव्याने कुठे लावावेत? विन, प्लेस, एसएचपी, तनाला ही काय भानगड आहे? रेस बुक घेतलं तर त्यात बघायचं काय? आणि जिंकलोच चुकून, तर टॅक्स किती कापतात? 'जाऊच नका' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून बाकी सगळं चालेल.

टोटखिडकी

पहिल्या दिवशी टोट, म्हणजे क्लबची पैजेची खिडकी. बुकींच्या रिंगमध्ये एक चक्कर जरूर मारा, भाव कसे हलतात ते बघायला मजा येते, पण पैसे खिडकीवर लावा.

टोटवर तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, बाकीच्या पब्लिकविरुद्ध खेळता. त्या रेसच्या विन पूलमध्ये जमलेल्या पैशातून कपात होते आणि उरलेले पैसे जिंकलेल्या घोड्यावर लावणाऱ्यांत वाटले जातात. समजा कपात होऊन ८०,००० उरले आणि पाच नंबरवर एकूण २०,००० लागले होते, तर दहा रुपयांना ४० मिळतात. बोर्डावर 'विन ४०' असं लागतं. या ४० मध्ये तुमचे मूळ १० आलेच, म्हणजे वर ३०. स्क्रीनवर रेसआधी जे आकडे दिसतात ते तात्पुरते असतात. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मोठा पैसा येतो आणि ४० दिसत होते ते २८ वर येऊन बसतात. बुकीकडे तसं नाही. त्याने ३ ला १, म्हणजे रुपयाला तीन रुपये नफा, असा भाव दिला आणि तुम्ही घेतला, की नंतर भाव कुठेही गेला तरी तुमचा ३ ला १ कायम.

आता पूल. विन म्हणजे पहिला. प्लेस म्हणजे पहिल्या दोनांत किंवा तिनांत; किती ते त्या रेसमध्ये किती घोडे धावतात त्यावर ठरतं, सातच्या आत असतील तर बहुधा दोनच प्लेस. एसएचपीला (सेकंड हॉर्स पूल) नवे लोक हमखास फसतात. एसएचपी म्हणजे घोडा दुसराच यायला हवा. पहिला आला तरी पैसे गेले. टीएचपी तसंच, तिसऱ्या नंबरासाठी. फोरकास्ट म्हणजे पहिला-दुसरा त्याच क्रमाने, क्विनेला म्हणजे तेच दोन पण क्रम कुठलाही. तनाला म्हणजे पहिले तीन, क्रमाने. ट्रेबल आणि जॅकपॉट अनेक रेसचे असतात, ते रविवारपुरते विसरा.

खिडकीवर बोलायची पद्धत ठरलेली आहे: सेंटर, रेस नंबर, पूल, घोड्याचा नंबर, रक्कम. 'मुंबई, तिसरी, विन, पाच नंबर, शंभर.' घोड्याचं नाव सांगत बसू नका, मागची रांग ओरडते. सेंटर सांगायचं कारण असं की त्याच खिडकीवर कधी कधी बंगलोर किंवा हैदराबादच्या रेसवरही पैसे घेतले जातात, आणि तिथलीही तिसरी रेस थोड्या वेळाने सुटायची असते. तिकीट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. रेस, पूल, नंबर, रक्कम. चुकलं असेल तर त्याच क्षणी सांगा. गेट उघडल्यावर कोणी ऐकत नाही.

आणखी एक. रेस बुकात प्रत्येक घोड्यापुढे दोन आकडे असतात. डावीकडचा सॅडल-क्लॉथवरचा (खोगिराखालच्या कापडावरचा) नंबर, आणि दुसरा ड्रॉ, म्हणजे स्टार्टिंग गेटमधला खण. लावायचा तो पहिला. ड्रॉचा आकडा सांगून भलत्याच घोड्याचं तिकीट घेणारे दर रविवारी दिसतात.

अर्धा_किलो

रेस बुकाबद्दल लिहितो, कारण खरा खेळ तिथे आहे.

बहुतेक रेस हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि त्या रेटिंगप्रमाणे क्लास: क्लास ५ सगळ्यात खाली, क्लास ४ साधारण २० ते ४६, क्लास ३ ४० ते ६६, क्लास २ ६० ते ८६. पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत हे लक्षात घ्या. रेटिंगमधला एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. त्यामुळे क्लास ३ मध्ये ६० रेटिंगचा घोडा ६० किलो घेऊन पळत असेल तर ४६ वाला ५३ घेऊन पळतो. चौदा पॉइंटांचे सात किलो. जिंकणाऱ्याचं रेटिंग हँडिकॅपर वाढवतो, हरत राहिलेल्याचं हळूहळू उतरतं.

मग बघायचं काय? ४४ रेटिंगचा घोडा क्लास ३ मध्ये तळाला हलकं वजन घेऊन पळू शकतो आणि क्लास ४ मध्ये वरच्या वजनाने. मागच्या दोन-तीन रेस क्लास ३ मध्ये, चौथा-पाचवा, पण जिंकणाऱ्यापासून तीन-चार लेंग्थच्या (घोड्याच्या लांबीच्या) आत, आणि आज क्लास ४ मध्ये उतरलाय: असा घोडा आधी शोधायचा. वजन जड दिसेल, पण समोरचे घोडे कमी ताकदीचे आहेत. उलट बाजूने, लागोपाठ दोन जिंकून रेटिंग चढलेला, पण त्याच क्लासमध्ये पळणारा घोडा पब्लिक डोळे मिटून फेव्हरिट (सगळ्यात जास्त पैसे लागलेला) करतं आणि त्याच्या पाठीवर या वेळी पाच-सहा किलो जास्त असतात.

अंतर तपासा. १,००० आणि १,२०० मीटरचा स्प्रिंटर १,६०० ला शेवटच्या २०० मीटरमध्ये दमतो. मागच्या रेस कोणत्या अंतरावर झाल्या ते बुकात छापलेलं असतंच. जॉकी बदललाय का, ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदा लावलेत का, किती दिवसांनी पळतोय, हेही.

ट्रॅकवर्कचे आकडे, म्हणजे सकाळच्या सरावाचे, वाचताना सेकंदांपेक्षा शेरा वाचा. '६००/३९, मोकळा' आणि '६००/३८, दाबून' यांत पहिला घोडा चांगला. एक सेकंद कमी दिसतो तो जॉकीने पिळून काढलेला असतो.

तीन वर्षांच्या, पहिल्यांदाच पळणाऱ्या घोड्यांच्या रेस सोडून द्या. त्यात बुकात वाचायला काहीच नसतं आणि जे माहीत असतं ते स्टेबलमधल्या लोकांनाच.

हिशेबनीस

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, पण खिडकीवर पैसे देताना बसणारा धक्का कुणीच सांगितला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ होता. आणि हा नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. शंभराचं तिकीट १४० ला पडतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं खरं, टॅक्सच्या कोष्टकात मात्र ती कॅसिनो आणि लॉटरीच्या शेजारीच बसते.

यामुळे जुनी सगळी गणितं मोडली. टोटचा डिव्हिडंड (जिंकल्यावर दहा रुपयांना मिळणारी रक्कम) दहाला १४ लागला तर तुम्ही जिंकलात आणि मिळालं शून्य: १४ दिले, १४ आले. १४ च्या खाली लागला तर घोडा जिंकूनही तुमचा तोटा. आता फेव्हरिटचे प्लेसचे डिव्हिडंड आठवा. १२, १३, कधी ११. म्हणजे 'नवखा आहे, सेफ खेळतो, फेव्हरिटवर प्लेस लावतो' हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला आज सगळ्यात महाग आहे. दहापैकी दहा वेळा बरोबर आलात तरी खिसा हलका.

बुकीकडेही तेच. घोडा ४० पैसे असेल, म्हणजे रुपयाला ४० पैसे नफा, तर १४० देऊन १४० परत. इव्हन मनी असेल तर १४० देऊन २००, म्हणजे ६० नफा. ज्याला पब्लिक 'दुप्पट' म्हणतं ते प्रत्यक्षात दीडपटही नाही.

बुकीच्या बोर्डावरची त्याची कमाईही मोजता येते. पाच घोडे आहेत असं धरा: इव्हन, २ ला १, ४ ला १, ८ ला १, १० ला १. प्रत्येकाची टक्केवारी काढा, म्हणजे १०० ला (भाव + १) ने भागा: ५०, ३३.३, २०, ११.१, ९.१. बेरीज १२३.५. हे शंभराच्या वर जे साडेतेवीस आहे ते बुकीचं अंगभूत मार्जिन. म्हणजे पाचही घोडे लावून हमखास १०० परत मिळवायचे म्हटले तर १२३.५० लावावे लागतील, आणि त्यावर जीएसटी धरून जवळपास १७३ मोजावे लागतील. बेरीज ११५ च्या आसपास असलेला बोर्ड बरा, १३० च्या वर गेला तर पुढच्या बुकीकडे सरका.

इन्कम टॅक्स वेगळा. एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापून पैसे हातात येतात आणि पॅन द्यावा लागतो. १०,००० च्या आतलं उत्पन्नही करपात्र आहेच, फक्त जागेवर कापत नाहीत. हरलेली तिकिटं दाखवून त्यातून वजावट मिळत नाही, त्यामुळे ती जपून ठेवू नका.

तुमच्या २,००० चं भाषांतर: जीएसटी जाऊन १,४०० रुपयांची तिकिटं, म्हणजे शंभराची चौदा. प्रवेश आणि रेस बुक वेगळं.

दादरचा_नवखा

बाप रे. आमचा बेत तंतोतंत 'फेव्हरिटवर प्लेस' हाच होता. दहाला १४ चं कोणीच सांगितलं नव्हतं.

मग उरतं काय? विनच लावायचं का? आमच्यातला एक जण जॅकपॉटचा हट्ट धरून बसलाय. आणि पॅडॉकमध्ये जाऊन घोडे बघण्यात काही अर्थ आहे, की ते फोटोपुरतं?

टोटखिडकी

जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या पाच रेसचे पाच विनर. एका तिकिटात प्रत्येक रेसमध्ये कितीही घोडे घेता येतात, पण गुणाकार होत जातो. २ × ३ × १ × ४ × २ केलेत तर ४८ कॉम्बिनेशन. दहाचं युनिट धरलं तर ४८०, जीएसटीसकट ६७२. त्यातला एक घोडा वाढवून १ चे २ केलेत तर थेट १,३४४. ज्या रेसमध्ये एकच घोडा घेतला त्याला बँकर म्हणतात, आणि जॅकपॉट जातो तो बहुतेक वेळा बँकरवरच. मित्राचा हट्ट मोडवत नसेल तर चौघांत मिळून एक तिकीट काढा आणि ते विसरून जा.

तनालातही लोक आकडा न मोजता 'हे चारही घोडे उलटसुलट' सांगून मोकळे होतात. तीन घोडे सगळ्या क्रमांनी म्हणजे ६ तिकिटं, चार म्हणजे २४, पाच म्हणजे ६०. क्विनेला स्वस्त पडतो: तीन घोड्यांचे ३, चार घोड्यांचे ६. दोन घोडे नक्की वर येतील असं वाटतंय पण पहिला कोणता ते कळत नाही, अशा रेसमध्ये प्लेसऐवजी क्विनेला घ्या. डिव्हिडंड १४ च्या वर राहतो, तेवढं तरी.

कॅम्पवाला

पॅडॉकला जाच. पण 'देखणा घोडा' शोधायला नको, बाद करायला जा. मानेवर आणि मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस, लगाम खेचत आडवा चालतोय, सईसाला ओढून नेतोय: असा घोडा गेटपर्यंत जाईस्तोवरच निम्मा संपलेला असतो. उन्हात सगळेच थोडे घामतात, म्हणून बाकीच्यांशी ताडून बघा. पोट सुटलेला, बरगडीची एकही रेघ न दिसणारा घोडा बहुधा विश्रांतीवरून परतलाय, त्याला अजून एक-दोन रेस लागतील. मान खाली, पावलं लांब, कान हलते, हे चांगलं. जॉकी चढल्यावर घोडे ट्रॅकवर कँटर करत (हलक्या दौडीने) जातात तेही बघा. पाय आखडून टाकणारा तिथे कळतो. आणि मगच खिडकीवर जा. रांगेचा अंदाज ठेवा, नाहीतर पॅडॉकमध्ये सगळं बरोबर ओळखून तिकीटच मिळायचं नाही.

गोइंग, म्हणजे ट्रॅक किती मऊ, ते पेनेट्रोमीटरने मोजतात आणि रेसआधी आकडा लावतात. महालक्ष्मीचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पाऊस नाही, त्यामुळे तिथे याचा फार बाऊ नको. पुण्याचा सीझन मात्र जुलैपासून, ऐन पावसाळ्यात. तिथे सकाळी एक जोरदार सर आली की कोरड्या ट्रॅकचं सगळं फॉर्म-बुक बाजूला. चिखलात मागून येणाऱ्याच्या तोंडावर ढेकळं उडतात, काही घोडे ते सहनच करत नाहीत, म्हणून पुढे राहून पळणारे बघायचे. रनिंग रेल, म्हणजे ट्रॅकचा आतला कठडा, आत-बाहेर सरकवतात तेही छापलेलं असतं. रेल बाहेर आली की ट्रॅक अरुंद होतो आणि मागच्यांना वाट मिळत नाही.

टोट की बुकी यावर माझं थोडं वेगळं मत. शंभर-दोनशेला काही फरक पडत नाही, पण साधारण अनुभव असा की फेव्हरिट बुकीकडे बरा मिळतो आणि लांबचा घोडा टोटवर जास्त देतो, कारण लांबच्या घोड्यावर बुकी भाव आखडून ठेवतो. ६ ला १ आणि त्यापुढचा घोडा असेल तर टोटच्या स्क्रीनवर नजर टाकल्याशिवाय बुकीकडे जाऊ नका. बुकीकडे लावलेत तर त्याने दिलेल्या कार्डावर घोड्याचा नंबर, रक्कम आणि भाव तिघंही तपासा, आणि पैसे घ्यायला त्याच स्टॉलवर जायचं हे लक्षात ठेवा. टोटचं तिकीट कुठल्याही पेमेंट खिडकीवर चालतं.

बुकी म्हणजे रिंगमधला, परवाना असलेलाच. गेटबाहेर 'टॅक्स नाही साहेब' म्हणणारा, किंवा फोनवर घेणारा, बेकायदेशीर. ४० टक्के वाचतात म्हणून लोक तिकडे वळतात, पण तो पैसे बुडवून गेला तर तक्रार करायला जागा नाही, आणि पोलीस आले तर तुम्हीही त्यातच. तसंच टेलिग्रामवरचे टिपवाले. सहा घोड्यांच्या रेसमध्ये सहा ग्रुपना सहा वेगळ्या टिपा दिल्या की एका ग्रुपमध्ये तो देव होतो.

अर्धा_किलो

'उरतं काय' याचं उत्तर: कमी रेस, विन, आणि ३ ला १ च्या पुढचा घोडा. दिवसाच्या सगळ्या रेस खेळायच्या नाहीत. आदल्या संध्याकाळी बुक मिळालं तर घरीच चार रेस निवडा, ज्यांत आठ ते बारा घोडे आहेत आणि बहुतेकांचा फॉर्म छापलेला आहे. बाकीच्या रेस नुसत्या बघा. प्रत्येकीत एका घोड्यावर ३०० विन धरले तर १,२००, जीएसटीसकट १,६८०. उरलेल्यात एखादा क्विनेला किंवा मित्राचा जॅकपॉटमधला वाटा.

पाचव्या रेसनंतर हरलेले भरून काढायला शेवटच्या रेसमध्ये दुप्पट लावायची हौस येते. शेवटची रेस बहुधा खालच्या क्लासची, भरपूर घोड्यांची, म्हणजे अंदाज करायला सगळ्यात अवघड.

डर्बीचा दिवस, फेब्रुवारीतला पहिला रविवार, पहिल्या भेटीसाठी टाळा. २,४०० मीटरची ती रेस बघण्यासारखीच असते, पण गर्दीत पॅडॉकचं कठडं गाठणंही मुश्कील, खिडकीचं तर सोडाच.

हिशेबनीस

एक राहिलं. रेस संपल्यासंपल्या तिकीट फाडू किंवा फेकू नका. जॉकी परत येऊन वजन देतात, कुणी ऑब्जेक्शन घेतलं तर स्टुअर्ड (रेसचे पंच) रेसचं रेकॉर्डिंग बघतात, आणि वाट अडवल्याचं दिसलं तर पहिला घोडा खाली आणि दुसरा वर जाऊ शकतो. 'ऑल क्लियर' झाल्यावरच निकाल पक्का आणि मग पेमेंट. फोटो फिनिशमध्ये दोघं बरोबरीत आले तर डेड हीट. टोटवर दोघांनाही डिव्हिडंड मिळतो, पण पूल दोन वाटे होऊन, म्हणजे तिथेही १४ चा आकडा आधी बघा. आणि तुमचा घोडा गेटपर्यंत न जाता विड्रॉ झाला तर विन-प्लेसचे पैसे परत मिळतात, त्यासाठी खिडकीवर तेच तिकीट द्यावं लागतं.

दादरचा_नवखा

सगळ्यांचे आभार. चार रेस, ३०० विन, पॅडॉक आधी आणि खिडकी नंतर, हे ठरलं. जॅकपॉटवाल्याला ६७२ चा हिशेब दाखवला. तो म्हणतो, चौघांत १६८ च येतात, काढूया.